बायोनिक हात बनवणाऱ्या कंपनीची नेतृत्व टीम: आधी कोणाला घ्यायचं आणि ‘थांबा’ कोणी म्हणायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तिघा अभियंत्यांनी मिळून मूठ, चिमूट, किल्लीची पकड अशा अनेक पकडी घेणारा मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने स्नायूंचे विद्युत सिग्नल टिपून चालणारा कृत्रिम हात, बनवला आहे. कंपनीत बारा माणसं आहेत, चाळीसेक हात लोकांच्या वापरात आहेत. आता गुंतवणूकदार म्हणतायत, ‘पूर्ण नेतृत्व टीम’ उभी करा. तर कोणती पदं, कोणत्या क्रमाने, आणि कोणाला किती अधिकार?

आधी उत्तर, मग कारणं. संस्थापकांपैकी एकच जण मुख्य कार्यकारी होईल आणि एकच तंत्रज्ञान प्रमुख, हे आजच कागदावर आणा. त्यानंतरची पहिली तीन माणसं या क्रमाने घ्या: क्लिनिकल प्रमुख, तोही स्वतःच्या हाताने सॉकेट (उरलेल्या हातावर चढणारा, कृत्रिम हात धरून ठेवणारा साचा) बसवणारा प्रॉस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणारा तज्ज्ञ; गुणवत्ता आणि नियामक प्रमुख, थेट मुख्य कार्यकारीच्या हाताखाली; आणि सर्व्हिस प्रमुख. विक्री प्रमुख त्यानंतर. पूर्णवेळ वित्त प्रमुख आणखी पुढे, तोवर आठवड्यातून दोन दिवस येणारा चांगला माणूस पुरतो. मार्केटिंग प्रमुखाची खुर्ची सध्या रिकामीच ठेवा.

गुंतवणूकदारांना हा क्रम उलटा वाटेल. त्यांना समजवायचं असेल तर तक्ते दाखवू नका, परत आलेला एक हात दाखवा.

तक्रारीच्या कागदावर लिहिलेलं असतं: ‘हात मध्येच आपोआप उघडतो. कप पडला.’ हात कारखान्यात येतो, चाचणीच्या स्टँडवर चढतो आणि दिवसभर मुकाट चालतो. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत जातो. दोन आठवड्यांत तोच हात पुन्हा दारात. आता फर्मवेअरवाले, म्हणजे हाताच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणारे, लॉग उघडतात. हात उघडणाऱ्या स्नायूवरच्या इलेक्ट्रोडवर मधूनमधून टोकदार सिग्नल दिसतात. उंबरठा, म्हणजे किती मोठ्या सिग्नलला हात हलेल ती मर्यादा, वाढवला जातो, तक्रार बंद होते, सगळे खूश. पण आता हात उघडायला वापरणाऱ्याला दर वेळी स्नायू जोर लावून आवळावा लागतो. दुपारपर्यंत तो स्नायू भरून येतो. महिन्याभरात हात कपाटात जातो, आणि कपाटात गेलेल्या हाताची तक्रार कोणी करत नाही.

खरं कारण दोन प्रश्नांत सापडलं असतं: कप किती वाजता पडला, आणि त्या वेळी कोपर वाकलेलं होतं की सरळ? उत्तर बहुतेकदा येतं: दुपारनंतर, वरच्या फळीवर हात लांबवताना. दिवसभरात स्टंपचा, म्हणजे उरलेल्या हाताचा, आकार थोडा उतरतो, सॉकेट सैल होतं. टोकाला अर्धा किलोचा हात लटकलेला असतो. कोपर सरळ झालं की त्या वजनाने सॉकेट खाली सरकतं आणि इलेक्ट्रोडची एक कड त्वचेवरून उचलली जाते. उचललेला इलेक्ट्रोड शून्य दाखवत नाही, घोळ तिथेच होतो. स्नायूचा सिग्नल मिलिव्होल्टच्या अंशात असतो, म्हणून पुढे बसवलेला प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) तगडा असतो. संपर्क सुटला की तो हालचालीचा खडखडाट आणि वीजतारांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण तितक्याच निष्ठेने वाढवून देतो. नियंत्रकाला ते ‘उघड’ असं ऐकू येतं. उपाय सॉकेटमध्ये आहे: पातळ पॅड, लायनर बदलणं, इलेक्ट्रोडची जागा थोडी सरकवणं किंवा त्याला स्प्रिंगची बैठक देणं. अनुभवी प्रॉस्थेटिस्टला पॅडचं काम अर्ध्या तासाचं. फर्मवेअर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यात कोणी हलगर्जी केली नाही. तक्रार विक्रीकडून अभियांत्रिकीकडे गेली आणि अभियंत्यांनी अभियंत्यांचं उत्तर दिलं. त्या वाटेवर सॉकेट ओळखणारा माणूसच नव्हता.

म्हणून क्लिनिकल प्रमुख पहिला. या धंद्यात हे नवीन नाही: १९७१ मध्ये आइसलंडमध्ये सुरू झालेल्या ओसुर कंपनीचे संस्थापक ओसुर क्रिस्टिन्सन स्वतः प्रॉस्थेटिस्ट होते, स्वतः कृत्रिम पाय वापरत, आणि कंपनीला नाव मिळालं ते सिलिकॉनच्या लायनरमुळे, म्हणजे त्वचा आणि सॉकेट यांच्यामधल्या थरामुळे. मोटर, चिप या गोष्टी नंतर आल्या.

निवडताना एक चूक सर्रास होते: नाव मोठं म्हणून एखाद्या शल्यविशारदाला ‘वैद्यकीय प्रमुख’ करतात. शल्यविशारद सल्लागार म्हणून हवाच, विशेषतः मज्जातंतू दुसऱ्या स्नायूंकडे वळवण्याच्या शस्त्रक्रिया किंवा हाडात रोपण करून अवयव जोडण्याचा विषय असेल तर. पण सॉकेट रोज बसवणारा माणूस वेगळा. दुसरी खबरदारी: पायांचं काम हातांच्या कित्येक पट असतं, त्यामुळे बहुतेक प्रॉस्थेटिस्टचा अनुभव पायांचा असतो. ‘अनुभव वीस वर्षं’ यावर जाऊ नका. गेल्या दोन वर्षांत कोपराखालचे किती मायोइलेक्ट्रिक हात बसवले, त्यांतले किती आज वापरात आहेत, आणि जे नाहीत ते का, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळत नाही तो तुमचा माणूस. घेतल्यावर त्याला आठवड्यातला एक दिवस क्लिनिकमध्ये सॉकेट बसवू द्या. पूर्णवेळ बैठकांत बसलेल्या प्रॉस्थेटिस्टची बोटं वर्षभरात मंदावतात. त्याच्या हाताखाली पहिली नेमणूक ऑक्युपेशनल थेरपिस्टची करा, कारण हात बसवणं आणि हात वापरायला शिकवणं ही दोन कामं आहेत.

अधिकार कोणता? ‘या व्यक्तीला आपला हात द्यायचा नाही’ असं म्हणण्याचा. दोन स्नायूंचे सिग्नल वेगळे काढता येत नसतील, जखम नीट भरली नसेल, काम पाण्याचं किंवा घणाचं असेल आणि तिथे केबलवर चालणारा हुक जास्त टिकणार असेल, तर त्याने नाही म्हणावं आणि ते नाही विक्री प्रमुखाने फिरवू नये. हा अधिकार कागदावर दिला आणि त्याचा बोनस मात्र विकलेल्या हातांच्या संख्येवर लावला, तर पुढचं सांगायला नको. त्याचं मोजमाप वेगळं ठेवा: हात दिल्यानंतर बारा महिन्यांनी तो रोज वापरात आहे का. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मागच्या पंचवीस वर्षांच्या अभ्यासांच्या आढाव्यात विजेवर चालणारे हात सोडून देणाऱ्यांचं सरासरी प्रमाण प्रौढांत २३ टक्के आणि मुलांत ३५ टक्के निघालं होतं. तुमचा आकडा काय आहे हे टीममधल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

हा आकडा हाताच्या लॉगमधून काढता येतो, वापरणाऱ्याची लेखी संमती घेऊन. मात्र ‘चालू असलेले तास’ मोजू नका. सकाळी चालू करून टेबलावर ठेवलेला हातही तास भरतो. दिवसाला किती पकडी झाल्या आणि त्यांतल्या किती भार घेऊन झाल्या, ते मोजा. मोटरचा प्रवाह नोंदवत असाल तर ते कळतंच.

आता गुणवत्ता आणि नियामक प्रमुख. अभियंत्यांच्या कंपनीत हे पद ‘कागदी घोडे नाचवणारा’ म्हणून पाहिलं जातं आणि तंत्रज्ञान प्रमुखाच्या खाली टाकलं जातं. तसं करू नका. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच सहीने पगारवाढ होणार असेल तर तपासणी नावापुरती राहते. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकामध्ये व्यवस्थापन प्रतिनिधी आणि व्यवस्थापन आढावा यांची जबाबदारी मुद्दाम वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकली आहे. युरोपात विकायचं असेल तर वैद्यकीय उपकरणांसाठीचा २०१७/७४५ क्रमांकाचा नियम, जो २६ मे २०२१ पासून लागू झाला, त्याच्या कलम १५ नुसार नियामक अनुपालनाला जबाबदार अशी ठरावीक पात्रतेची व्यक्ती लागते: संबंधित विषयातली पदवी आणि किमान एक वर्षाचा अनुभव, किंवा पदवीऐवजी चार वर्षांचा अनुभव. सूक्ष्म आणि लहान कंपन्यांना ती व्यक्ती पगारावर ठेवण्याची सक्ती नाही, पण ती कायम आणि सतत उपलब्ध हवी. ‘सल्लागाराचा फोन नंबर आहे’ म्हणजे उपलब्ध नव्हे. ऑडिटर करार मागतो.

या माणसाच्या टेबलावर सुरुवातीला किमान एवढं असतं: जोखीम व्यवस्थापनाला आयएसओ १४९७१, सॉफ्टवेअरच्या जीवनचक्राला आयईसी ६२३०४, विद्युत सुरक्षेला आयईसी ६०६०१, त्वचेला लागणाऱ्या साहित्याला आयएसओ १०९९३, आणि लिथियम बॅटरीच्या वाहतुकीला यूएन ३८.३. शेवटचं हमखास विसरलं जातं. मग दुरुस्तीला निघालेला हात विमानाच्या कार्गोत अडकतो, कारण बॅटरीच्या चाचणीचा सारांश कोणाकडे नसतो.

उद्या हाताबरोबर पाय किंवा गुडघा करायचा विचार असेल तर हे पद दुप्पट वजनाचं होतं. हात निकामी झाला तर कप पडतो, गुडघा निकामी झाला तर माणूस पडतो. पायांच्या रचनेसाठी आयएसओ १०३२८ मध्ये ६०, ८०, १०० आणि १२५ किलोच्या भारपातळ्या आहेत आणि ३० लाख आवर्तनांची चाचणी आहे. घोटा-पावलाच्या भागांसाठी आयएसओ २२६७५, तिथे २० लाख. सेकंदाला एक आवर्तन धरलं तर ३० लाख म्हणजे अखंड ३५ दिवस एक यंत्र अडकलं. दोन नमुने मोडले आणि रचना बदलली की आणखी ३५. वेळापत्रक आखताना तंत्रज्ञान प्रमुख हे दिवस धरत नाही, गुणवत्ता प्रमुख धरतो. शिवाय बॅटरी संपली तर मायक्रोप्रोसेसर गुडघ्याने कोणत्या अवस्थेत जायचं हा निर्णयही दोघांनी मिळून घ्यायचा असतो, आणि फर्मवेअरमधल्या एका ओळीत तो गुपचूप बदलता येता कामा नये.

गंभीर घटना कळवण्याच्या मुदती टीममधल्या सगळ्यांना माहीत हव्यात. युरोपात साधारण १५ दिवस, मृत्यू किंवा प्रकृतीत अनपेक्षित गंभीर बिघाड असेल तर १०, सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका असेल तर २. अमेरिकेत उत्पादकाला ३० दिवस आणि काही प्रसंगी कामाचे ५ दिवस. घड्याळ सुरू होतं कंपनीतल्या कोणालाही कळल्यापासून. विक्री प्रतिनिधीने शुक्रवारी ऐकलं आणि पुढच्या गुरुवारच्या बैठकीत सांगितलं, तर तेवढे दिवस गेले.

तंत्रज्ञान प्रमुखाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही तिघं तेच आहात. एकच: सहावी पकड, सातवी पकड, नवं ॲप, या हौसेला लगाम घाला. हातात मोडतं काय याची यादी नीरस असते: बोटांच्या दोऱ्या किंवा केबल, अंगठ्याचा गिअर, मनगटातल्या फिरत्या जोडातली वायर, हातमोज्याची बोटांच्या बेचक्यातली चीर, आणि त्या चिरेतून आत गेलेलं पाणी. वर्षातला निम्मा अभियांत्रिकी वेळ या यादीवर खर्च होत नसेल तर क्लिनिकल आणि सर्व्हिस प्रमुखांचं कोणी ऐकत नाही असं समजा.

सर्व्हिस प्रमुख हे पद लोक ‘दुरुस्ती विभाग’ समजून टाळतात. हिशेब करून बघा. समजा ३०० हात वापरात आहेत आणि प्रत्येक हात सरासरी दोन वर्षांतून एकदा दुरुस्तीला येतो. म्हणजे वर्षाला १५०. दारातून दारापर्यंत तीन आठवडे लागले तर कोणत्याही दिवशी जवळपास नऊ माणसं हाताविना आहेत. त्यांना बदली हात द्यायचे. डावा-उजवा आणि तीन मापं म्हणजे सहा प्रकार, प्रत्येकाची सरासरी मागणी दीड. पण मागणी सरासरीने येत नाही, एकाच आठवड्यात तीन मध्यम उजवे येतात. त्यामुळे नऊ ठेवून भागत नाही, पंधरा ते अठरा लागतात. आता दुरुस्तीचा काळ तीन आठवड्यांवरून दहा दिवसांवर आणला तर नवाचे चार होतात आणि बदली हातही निम्मे पुरतात. हा निर्णय घेणारा माणूस नेतृत्वाच्या टेबलावर नसेल तर कोणी तो घेत नाही. वित्तवाले बदली हातांना ‘अडकलेला माल’ म्हणतात आणि विक्रीवाले तेच हात चोरून डेमोला नेतात. विक्रीवाल्यांना डेमोचे हात वेगळे द्या आणि रंगही वेगळा द्या.

सुटे भाग किती वर्षं मिळतील हेही याच खुर्चीने सांगायचं. मोटर किंवा चिप बनवणारा उत्पादन बंद करतो तेव्हा शेवटची खरेदी करायला काही महिन्यांचीच मुदत मिळते. किती घ्यायच्या? वापरातले हात, गुणिले वर्षाला लागणाऱ्या सुट्या नगांचं प्रमाण, गुणिले दिलेल्या आश्वासनाची उरलेली वर्षं, वर थोडी भर. हे गणित कोणी न केल्याचं काय होतं ते डोळ्याच्या बाबतीत जगाने पाहिलंय. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीचं आर्गस २ हे रेटिनातलं रोपण २०१३ मध्ये तिथे मंजूर झालं, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना बसवलं गेलं. पुढे कंपनीने ते बंद केलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले, आणि डोळ्यात यंत्र घेऊन बसलेल्या लोकांना दुरुस्तीसाठी विचारायला जागा उरली नाही. बाहेरून लावायचा हात निदान काढून ठेवता तरी येतो. तरीही कंपनी बंद पडली तर फर्मवेअर, बसवण्याचं सॉफ्टवेअर आणि भागांची रेखाचित्रं कोणाकडे जातील, हे संचालक मंडळाच्या ठरावात आजच लिहून ठेवा. ऐन वेळी वकील हे लिहू देत नाहीत.

विक्री प्रमुख निवडताना लक्षात ठेवा की वापरणारा, निवडणारा आणि पैसे देणारा बहुधा तीन वेगळे असतात. हात वापरतो एक, सुचवतो आणि बसवतो क्लिनिक, बिल भरतो विमा किंवा सरकार. अमेरिकेत पायांचं सगळं गाडं के० ते के४ या हालचालीच्या पातळ्यांवर आणि ‘एल’ने सुरू होणाऱ्या कोडवर चालतं. ज्या सुविधेला कोड नाही तिचे पैसे मिळणं मुश्कील, मग ती कितीही सुरेख असो. म्हणून उपभोग्य वस्तू विकून आलेला तडफदार माणूस इथे वर्षभर चाचपडतो. विम्याच्या नकारावर अपील कसं लिहायचं हे माहीत असलेला, कमी बोलणारा माणूस चालेल. वित्त प्रमुखाचं मुख्य काम त्यातूनच निघतं: बिल आणि पैसे यांच्यातली महिन्यांची दरी भरून काढणं, आणि वॉरंटीसाठी दर हातामागे रक्कम बाजूला ठेवणं, जी बहुतेक नव्या कंपन्या ठेवत नाहीत.

मोठ्या कंपनीला विकून टाकू, असा विचार तुमच्या गुंतवणूकदारांच्या मनात असणारच. या क्षेत्रात ते नेहमीचं आहे: बायोनिक हात बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या टच बायोनिक्सला २०१६ मध्ये ओसुरने घेतलं. पण बाजार लहान असल्याने नियामकही बघत असतात. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या जर्मनीच्या ओटोबॉकने २०१७ मध्ये फ्रीडम इनोव्हेशन्स ही स्पर्धक कंपनी विकत घेतल्यावर, मायक्रोप्रोसेसर गुडघ्यातली स्पर्धा संपेल या मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला, आणि शेवटी तो व्यवसाय पुढे विकावा लागला. तेव्हा विक्रीच्या आशेवर टीम रचू नका.

स्वतः हात वापरणारी व्यक्ती टीममध्ये हवी का? हवी, पण पोस्टरपुरती नको. चाचणीचा आराखडा मंजूर करणाऱ्यांत तिची सही असेल तर तिला घेण्यात अर्थ आहे. आणि एकीवर थांबू नका: जन्मतः हात नसलेली व्यक्ती आणि चाळिशीत हात गमावलेली व्यक्ती यांच्या अपेक्षा अगदी वेगळ्या असतात. पहिलीचं एका हाताने सगळं चालत असतं, तिच्यासाठी तुमचा हात म्हणजे जास्तीचं वजन. दुसरी हरवलेला हात परत मागत असते.

बैठक आठवड्यातून एक, पाऊण तासाची. टेबलावर परत आलेला एक हात उघडून ठेवायचा, सोबत तक्रारीचा मूळ कागद आणि सॉकेट घातलेल्या हाताचा फोटो. आधी क्लिनिकल प्रमुख बोलेल, मग सर्व्हिस, अभियांत्रिकी शेवटी. क्रम उलटला की पुन्हा उंबरठाच बदलला जातो. नवी आवृत्ती बाहेर सोडायला तीन सह्या: क्लिनिकल, गुणवत्ता, तंत्रज्ञान. कोणतीही एक सही नसेल तर आवृत्ती थांबते. मुख्य कार्यकारीला पहिल्या दोन सह्या डावलता येणार नाहीत. तारीख पुढे ढकलणं, एवढाच पर्याय त्याच्याकडे उरतो.

मुलाखतीलाही तोच उघडा हात आणि तोच कागद वापरा. उमेदवार कोणत्याही पदाचा असो, अर्धा तास द्या आणि तो पहिला प्रश्न कोणता विचारतो ते लिहून घ्या. बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर किंवा लॉग मागतात. कोपर वाकलेलं होतं की सरळ, असं विचारणारा एखादाच भेटतो. त्याच्याशी पगारावर घासाघीस करत बसू नका.